कडाबीन कोणाची घ्यावी? मराठी राज्य आणि भरवशाची बंदूक



तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी बंदुकीवर बोलायला उभं राहावं हे थोडं चमत्कारिक दिसतं, याची आम्हाला कल्पना आहे. पण प्रश्न आमच्याच घरचा आहे. गाठीला पैसे थोडे, बाजारात विक्रेते चार, चौघेही आपला माल उत्तम म्हणतात, आणि घेतलेली वस्तू ऐन वेळी चालली नाही तर जीव जातो. अशा वेळी भरवसा कशावर ठेवायचा? ज्ञानमीमांसेच्या वर्गात आम्ही हा प्रश्न वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला. मराठी राज्याला तो जवळजवळ दीडशे वर्षं रणांगणावर सोडवावा लागला. आणि आज, २१व्या शतकात, आपलं सैन्य तोच प्रश्न सोडवत होतं, तेही नेमकं कार्बाइनच्याच बाबतीत. त्याकडे शेवटी येऊ.

आधी शब्द. कार्बाइन हा शब्द आपल्याला पोलिसांच्या नाकाबंदीमुळे ओळखीचा झाला; पण मराठीत तो फार जुना आहे. कराबीन, कडाबीन ही त्याची जुनी रूपं. पोर्तुगीज काराबिना, त्यावरून हे आले. अर्थ एवढाच, की आखूड नळीची, घोड्यावरच्या माणसाला पेलेल अशी बंदूक. शब्द मराठीत रुळला, वस्तू मात्र मराठी घोडदळात फारशी रुळली नाही. भाला, तलवार हीच स्वाराची हत्यारं राहिली. असं का, हे विचारलं तर सहसा उत्तर मिळतं की आपण मागासलेले होतो. आम्हाला हे उत्तर आळशीपणाचं वाटतं. त्या स्वाराचा जमाखर्च मांडून बघू.

मराठी घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार. बारगिराला घोडा सरकारचा. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येणार. घोडा हेच त्याचं भांडवल. घोडा मेला की चाकरी गेली. अशा माणसाने बंदूक घ्यायची तर कोणती? त्या काळी सहज मिळणारी बंदूक म्हणजे तोड्याची. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी गजाने ठासायची, कानाजवळ रंजक भरायचं, आणि जळता तोडा चापाने त्यावर टेकवायचा. आता हे सगळं दौडत्या घोड्यावर करून बघा! एका हातात लगाम, कमरेला दारू, आणि बोटांत पेटता तोडा. पायउतार माणसाच्या हातात हीच देशी बंदूक चांगली चालायची. लांब नळीची, लांबवर मारणारी, आणि गावचा लोहार दुरुस्त करू शकेल अशी. चकमकीची बंदूक घोड्यावर जास्त सोयीची खरी, कारण पेटता तोडा नको. पण तिची कळ नाजूक, स्प्रिंग मोडली तर लोहाराच्या आवाक्याबाहेर, आणि गारगोटी वीस-तीस बारांनंतर बोथट होते. म्हणजे बंदूक एकदा विकत घ्यायची आणि गारगोटी जन्मभर विकत घेत राहायची. शिलेदाराने भाला घेतला. भाल्याला दारू लागत नाही, पावसात भिजला तरी चालतो, आणि भाल्याच्या बाबतीत कुठल्याही टोपीकराचं तोंड बघावं लागत नाही. थोडक्या पैशांत भरवशाचं हत्यार निवडा, असं त्याला सांगितलं होतं, त्याने निवडलं.

राज्याला मात्र भाल्यावर भागत नाही. गडांवर तोफा हव्यात, पायदळाला बंदुका हव्यात. तिथे पहिली अडचण बंदुकीची नव्हतीच, ती होती दारूची. दारूत मुख्य भाग सोऱ्याचा, साधारण तीन चतुर्थांश. उरलेला गंधक आणि कोळसा. कोळसा कुठेही मिळतो. गंधक आपल्याकडे खाणीतून निघत नाही, ते बंदरातून येणार. शिसंही बहुतेक बंदरातूनच. आणि बंदरं कोणाच्या ताब्यात? उत्तम सोरा बिहारचा. प्लासीनंतर त्याचा मक्ताही कंपनीने आपल्याकडे घेतला. वर आपला पावसाळा. कोकणातल्या चार महिन्यांत घरातलं मीठ पाणावतं, तिथे दारूचं काय होत असेल?

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १८व्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, गडाच्या दारूखान्याबद्दल बारीक सूचना आहेत. दारूखाना वस्तीच्या घरापासून दूर असावा, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढून उन्हं दाखवून पुन्हा मोहोर करून ठेवावं. लोक आज्ञापत्र मोठमोठ्या राजनीतीच्या वाक्यांसाठी वाचतात. आम्हाला त्यातली ही जागा सगळ्यात मोलाची वाटते. कारण लिहिणाऱ्याला कळलेलं आहे, की बंदुकीचा भरवसा तिच्या नळीत नसतो. हवालदाराने पंधरा दिवसांत एकदा दारू उन्हात घातली की नाही, यात तो असतो. हवालदार आळशी निघाला तर जगातली उत्तम बंदूकही काठीच.

आता विक्रेत्यांकडे वळू.

१६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, महाराज आत अडकले. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आपल्या तोफगोळ्यांसह जौहरच्या मदतीला गेला, आणि इंग्रजांचं निशाण लावून गडावर मारा केला. व्यापारी माणसाने हे का करावं? विजापूरकरांना माल विकायचा होता, मालाचं प्रात्यक्षिकही झालं! पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैदेत टाकलं. ते सुटले १६६३ मध्ये. नुकसानभरपाईचं घोंगडं मात्र १६७४ पर्यंत भिजत राहिलं. राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हा नजराण्याबरोबर हा हिशेबही घेऊन आला होता.

मधल्या सगळ्या वर्षांत गंमत चालू आहे. महाराज इंग्रजांकडे तोफा मागतात, इंग्रज गोड बोलतात आणि टाळतात. त्यांची मोठी वखार सुरतेला, मोगलांच्या मुलखात. शिवाजीला तोफा विकल्याचं उघड झालं तर सुरत जाईल, ही भीती. उघड नकार दिला तर भरपाई बुडेल आणि कोकणातला व्यापारही. म्हणून हो नाही, नाही नाही. महाराजांनी राजापुरातच दुसरं दुकान शोधलं; फ्रेंचांकडून त्यांना तोफा आणि शिसं मिळाल्याच्या नोंदी इंग्रजांच्याच कागदांत जळफळाटाने केलेल्या आहेत. एका विक्रेत्यावर अवलंबून राहायचं नाही, हे धोरण तिथे स्पष्ट दिसतं. पण दोन विक्रेते असले तरी दोघेही विक्रेतेच. माल चांगला आहे का, हा एक प्रश्न; विकणारा उद्या कोणाच्या बाजूला उभा असेल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बार काढून बघता येतं. दुसऱ्याचं येत नाही.

मग वस्तू घेण्याऐवजी माणूस का घेऊ नये? हाही प्रयोग झाला, आणि तो आपल्या खाडीच्या वरच्या अंगाला झाला. १६५९च्या सुमारास कल्याण-भिवंडीला महाराजांनी आरमाराची गलबतं बांधायला घेतली. कामावर रुय लैतांव व्हियेगस नावाचा पोर्तुगीज आणि त्याच्या हाताखालचे कारागीर होते. वसईच्या पोर्तुगीजांना कळलं, की ही जहाजं उद्या आपल्यावरच येतील. त्यांनी निरोप धाडला आणि हे लोक काम टाकून निघून गेले. पगार महाराजांचा, इमान वसईचं. ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ म्हणतात ते हेच. फरक इतका, की गलबतं अडली नाहीत. लाकूड इथलं, सुतार इथले, आणि जवळ राहून पाहिलेलं काम हाताला लागलेलं. आरमार उभं राहिलंच. बंदुकीच्या कळीच्या बाबतीत असं झालं नाही, कारण ते काम इथे कोणी आपल्या डोळ्यांसमोर करतच नव्हतं. ती तयार होऊन जहाजातून यायची.

आज्ञापत्रात टोपीकरांबद्दल जे म्हटलं आहे ते या अनुभवावर उभं आहे. आरमार आणि दारूगोळा हे त्यांचं बळ, त्यांना किनाऱ्यावर जागा देऊ नये, वखारी आतल्या शहरांत द्याव्यात, असा सल्ला. सल्ला उत्तम. पण त्यांच्या दारूगोळ्यावाचून आपलं कसं चालावं, याचं उत्तर त्यात नाही.

पेशवाईत उत्तर शोधायचे प्रयत्न झाले. थोरल्या माधवरावांच्या काळात जुन्नरकडे आंबेगव्हाणला तोफगोळ्यांचा कारखाना निघाला, तोफखाना पानसे घराण्याकडे होता. तरी चांगल्या तोफा बाहेरूनच येत राहिल्या, आणि बाहेरून येणाऱ्या बऱ्याचशा जुन्या. युरोपात किंवा जहाजावर वापरून झालेली वस्तू इथे विलायती म्हणून विकली जाई.

याचा परिणाम एका इंग्रजाने पाहिला आणि त्याची टवाळी केली. १७९०-९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी टिपूच्या धारवाडला वेढा घातला, तेव्हा सोबत कंपनीची एक तुकडी होती. तिच्यातल्या एडवर्ड मूर या अधिकाऱ्याने पुढे पुस्तक लिहिलं. तो म्हणतो, मराठे तोफ भरून ठेवतात आणि मग सगळे अर्धा तास गप्पा मारत, धूम्रपान करत बसतात. मग बार काढतात, धुरळा उडाला की समाधान, पुन्हा भरतात, पुन्हा गप्पा. दुपारी एक ते तीन दोन्ही बाजूंनी जेवणाची सुट्टी. हे वर्णन इतकं रंगतदार आहे की इतिहासाच्या पुस्तकांतून त्याला सुट्टी मिळत नाही. आम्हीही ते वाचून हसलो. पण जुनी, झिजलेली तोफ लागोपाठ डागली तर ती फुटते आणि आधी आपलीच माणसं मरतात, हे मूरपेक्षा तिच्याशेजारी बसणाऱ्या गोलंदाजाला जास्त ठाऊक असणार. आणि ज्याला गंधक बंदरातून विकत आणायचं आहे त्याचा हात बार काढताना आखडतोच. त्या अर्ध्या तासात आळस नव्हता असं नाही. पण दारूगोळ्याच्या खर्चाचा विचारही होता, असं आमचं मत आहे.

आता महादजी शिंदे. या सगळ्या गोष्टीत आम्हाला सर्वांत जास्त रस यांच्यात आहे, कारण प्रश्न नेमका ओळखणारा हा माणूस.

पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी काय केलं हे महादजींनी पाहिलं होतं. स्वतः ते तिथून जन्माचा अधू पाय घेऊन परतले. १७८४ मध्ये त्यांनी बेन्वा द बॉइन या सॅव्हॉयच्या माणसाला दोन पलटणी उभ्या करायला सांगितलं. लालसोटची माघार १७८७ मध्ये झाली, पण १७९० मध्ये पाटण आणि मेडता या दोन लढायांत या पायदळाने राजपुतांच्या घोडदळाला धूळ चारली, आणि पलटणींचे कंपू झाले. इतक्या माणसांना बंदुका कुठून आणायच्या? बाजारातून आणायच्या तर कलकत्त्याकडे किंवा फ्रेंच, डेन व्यापाऱ्यांकडे हात पसरायचा. महादजींनी आणि द बॉइनने आग्र्याला कारखाना काढला. तो चालवायला सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस होता, आधी गोहदच्या राण्याच्या नोकरीत असलेला. त्याने तोफा ओतल्या, आणि युरोपी बंदुकीच्या तोडीची बंदूक दहा रुपयांत तयार केली.

दहा रुपये! साध्या शिपायाच्या दीड-दोन महिन्यांच्या पगाराइतकी ही रक्कम. थोडक्या पैशांत भरवशाची बंदूक, हा आपला आजचा प्रश्न. त्याचं उत्तर आग्र्याला दहा रुपयांत मिळालं होतं. स्वस्त का पडली? जहाजभाडं नाही, दलाली नाही, मक्तेदाराचा नफा नाही. आणि मोडली तर कळ बदलायला तेच कारागीर हजर. शिवाय सगळ्या पलटणींची बंदूक एका मापाची. म्हणजे एकाची गोळी दुसऱ्याच्या नळीत चालते. हा शेवटचा गुण आमच्या मते दहा रुपयांपेक्षाही मोठा. शिलेदारांच्या फौजेत प्रत्येकाचं माप वेगळं, प्रत्येकजण आपली गोळी आपण ओतणार.

कारखान्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे पगार. द बॉइनच्या फौजेसाठी दुआबातला मुलूख लावून दिलेला होता. त्याच्या वसुलातून पगार वेळेवर होई, आणि कारखान्याला पैसा मिळे. दरवर्षी सरकारी खजिन्यात हात घालायची गरज नव्हती. मर्यादित खर्चात चांगलं हत्यार हवं तर तो खर्च नियमित हवा, हे गणित तिथे जमलं. नाना फडणविसांच्या पुण्याला ते जमलं नाही, आणि त्याचं खापर आम्ही एकट्या नानांवर फोडणार नाही; पुण्याच्या डोक्यावर कर्ज होतं.

महादजी १७९४च्या फेब्रुवारीत वानवडीला वारले. द बॉइन १७९५च्या अखेरीस निघून गेला, त्याच्या जागी पेराँ आला. आणि १८०३ साल उजाडलं.

बंदुका तशाच होत्या, तोफाही. २३ सप्टेंबरला असईला, आपल्या जालना जिल्ह्यात, वेलस्लीची पंधराशेहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. त्याच्या फौजेच्या मानाने हा आकडा भयंकर होता, आणि पुढे वॉटर्लू जिंकूनही तो असईचं नाव विसरला नाही. लासवारीला लॉर्ड लेकने शिंद्यांच्या शिपायांची तारीफच केली. हत्याराने दगा दिला असं कुठेही दिसत नाही. दगा वेगळ्या बाजूने आला. गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढला, की शिंद्यांच्या नोकरीतले जे ब्रिटिश अधिकारी आणि इतर चाकरी सोडून येतील त्यांची सोय कंपनी करील. बरेच गेले. पेराँने तर सप्टेंबरच्या सुरुवातीलाच शिंद्यांची चाकरी सोडली. अलीगड पडलं, ऑक्टोबरमध्ये आग्रा पडलं, आणि आग्र्याबरोबर कारखाना.

इथे जरा थांबून विचार करायला हवा. महादजींनी विक्रेत्यावरचा भरवसा काढून कारखान्यावर ठेवला. शहाणपणाचं काम. पण कारखान्याची आणि पलटणींची किल्ली ज्यांच्या कमरेला होती ती माणसं पुन्हा कल्याणच्या खाडीवरल्या व्हियेगससारखीच. सव्वाशे-दीडशे वर्षांत भरवसा मालावरून कारखान्यापर्यंत आला, तो हुकूम देणाऱ्या माणसापर्यंत पोचला नाही. दहा वर्षांत एतद्देशीय सुभेदारांमधून पलटणीचे कप्तान का तयार केले नाहीत? महादजी आणखी दहा वर्षं जगते तर, वगैरे आम्ही म्हणणार नाही. १७९० ते १७९४ या चार वर्षांत तशी तयारी चालू असल्याचं चिन्ह आम्हाला दिसत नाही, एवढंच. इंग्रजांना मात्र मर्म बरोबर कळलं होतं. ३० डिसेंबर १८०३च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात त्यांनी अट घातली, की ब्रिटिशांशी युद्ध चालू असलेल्या कुठल्याही युरोपी वा अमेरिकी सत्तेचा माणूस शिंद्यांनी पदरी ठेवायचा नाही. माणूस बंद केला की बंदूक आपोआप गंजते.

आणि हो, इंग्रजांनाही पैशांची चणचण होतीच. फ्रान्सशी युद्ध पेटलं तेव्हा लंडनच्या सरकारकडे बंदुका अपुऱ्या पडल्या. मग त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीसाठी तयार झालेल्या बंदुका उचलल्या. ४२ इंचांऐवजी ३९ इंच नळी, साधी घडण, कमी किंमत. १७९७ पासून इंग्लंडच्या सैन्याचाही तोच नमुना ठरला. त्याचं नावच ‘इंडिया पॅटर्न’. म्हणजे नेपोलियनशी लढलेली बंदूक ही कंपनीच्या काटकसरीची. उंची मालाचा आग्रह त्यांनी धरला नाही. एकच साधा नमुना लाखोंनी बनवला, आणि सुटे भाग मुबलक ठेवले.

‘कंपनीचा माल’ हा शब्दप्रयोग आपल्या बोलण्यात अजून आहे, बघा. शिक्का पाहून माल घ्यायची सवय. पुढे वायव्य सरहद्दीवरच्या कारागिरांनी विलायती बंदुकांची शिक्क्यासकट नक्कल केली, कधी कधी अक्षरं उलटी-सुलटी पडली. शिक्क्यावर विसंबणाऱ्याची याहून चांगली थट्टा दुसरी कुठली?

आता आजचं, थोडक्यात. आपल्या सैन्याची जुनी कार्बाइन ९ मिमीची, ब्रिटिश स्टर्लिंगच्या नमुन्यावर कानपूरला बनणारी. तिच्या जागी नवी आणायचा खटाटोप दीड दशकाहून जास्त चालला. परदेशी बंदुकांच्या चाचण्या झाल्या, व्यवहार रद्द झाले. २०१८ मध्ये ९३,८९५ कार्बाइनसाठी संयुक्त अरब अमिरातीची कॅरकल ही कंपनी सर्वांत कमी बोलीची ठरली. २०२० मध्ये तेही रद्द. दरम्यान पुण्यात, पाषाणच्या आयुध संशोधन आणि विकास संस्थेत, म्हणजे एआरडीईत, देशी नमुने घडत होते. त्यांची जेव्हीपीसी नावाची कार्बाइन केंद्रीय पोलीस दलांनी घेतली. पण तिचं काडतूस ५.५६ × ३० मिमीचं, म्हणजे सैन्याच्या रायफलींच्या ५.५६ × ४५ पेक्षा वेगळं. बंदूक चांगली असूनही तिच्यासाठी गोळीचा निराळा साठा लागतो. आग्र्याच्या एका मापाची आठवण इथे होते.

२०२५च्या अखेरीस सव्वाचार लाखांहून जास्त कार्बाइनचा, सुमारे २,७७० कोटींचा करार झाला. नगामागे साधारण पासष्ट हजार रुपये पडतात. साठ टक्के काम पुण्याच्या भारत फोर्जकडे, त्यांचा नमुना एआरडीईच्या सहकार्याने झालेला. चाळीस टक्के पीएलआर सिस्टिम्सकडे, जिच्यामागे इस्रायली तंत्र आहे. सर्वांत कमी बोलीवाल्यालाच सगळं न देता दुसऱ्यालाही त्याच भावात वाटा द्यायचा, ही पद्धत आम्हाला राजापूरची आठवण करून देते. फक्त या खेपेला दोन्ही दुकानं आपल्या हद्दीत आहेत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, जळगाव जिल्ह्यात वरणगावचा स्वातंत्र्यानंतरचा. काडतुसं तिथे होतात. प्रश्न नमुन्यांचा उरतो. दोन कारखान्यांचे दोन नमुने शेजारी शेजारी एकाच सैन्यात चालणार, तेव्हा एकाची स्प्रिंग दुसऱ्यात बसणार की नाही? दहा वर्षांनी सीमेवरच्या चौकीत हा प्रश्न जो हवालदार सोडवेल, त्याला किमतीतला फरक आठवणार नाही.

चिठ्ठ्या बऱ्याच आल्या आहेत. तीन पानिपतावर आहेत, एक बेलापूरच्या किल्ल्यावर. आधी बेलापूर घेऊ.